‘तुमच्या लेखामुळे बायकोने सही केली नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सहीआधी कागद वाचा’ या माझ्या लेखावर गोव्यातल्या साखळीच्या एका भाऊंची प्रतिक्रिया आली आहे. ती लांब आहे आणि रागाने लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भाऊंच्या धाकट्या भावाला पर्यटक टॅक्सी घ्यायची आहे. बँकेने जामीनदार मागितला. वहिनी, भाऊंच्या पत्नी, सरकारी नोकरीत, म्हणजे जामीनदार त्याच, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं. तेवढ्यात वहिनींनी माझा लेख वाचला आणि म्हणाल्या, कागद आधी घरी आणा, वाचते, मग बघू. आता आठवडाभर घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही.

भाऊंचं म्हणणं असं: महिन्याच्या महिन्याला पगार खात्यात पडणाऱ्या बाईने धंदेवाल्यांना अक्कल शिकवू नये. घरच्या माणसावर संशय घ्यायला लावणाऱ्या सल्ल्यांनी घरं मोडतात. गोव्यात नवऱ्याचं अर्धं तसंही बायकोचंच, मग सहीने काय आभाळ कोसळतं? पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी मे महिन्यात भरून ठेवायच्या साठ्याचा, दाखला आजीच्या काळातला. आणि प्राप्तिकराबद्दल मी चक्क चुकीचं लिहिलं आहे.

भाऊ, शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. ‘गोव्यात नवरा-बायकोचं सगळं उत्पन्न करासाठी निम्मं-निम्मं होतं’ असं मी लिहिलं होतं. ‘सगळं’ हा शब्द चुकला. प्राप्तिकर कायद्यात (१९६१ च्या कायद्यात ते कलम ५अ होतं) पगार वेगळा काढला आहे. ज्याचा पगार त्याच्याच नावावर. धंद्याचा नफा, घरभाडं, ठेवीवरचं व्याज हे मात्र दोघांत अर्धं-अर्धं दाखवायचं. आमच्या घरचंच घ्या. ट्रकाचा वर्षाचा नफा सहा लाख असेल तर तीन ह्यांच्या विवरणपत्रात, तीन माझ्या. माझा शाळेचा पगार सगळा माझ्याच. शिकलेली बाई असून हे नीट लिहिलं नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. तुमचे आभार.

आता पगारदार बाईबद्दल. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, २०२१ साली निवृत्त झाले, हे खरं. पण आमचं घर उसगावला आहे आणि उसगावातल्या ज्या घरात ट्रक होता त्या घराला धंदा म्हणजे काय ते पगारदारांनी सांगावं लागत नाही. ह्यांचे दोन ट्रक होते. खाणीवरून जेटीपर्यंत लोहखनिज न्यायचं, जितक्या ट्रिपा तितके पैसे. घराच्या पायऱ्या सकाळी पुसल्या तरी दुपारी तांबड्या. दुसरा ट्रक २०१० साली कर्जाने घेतला तेव्हा बँकेने माझी पगाराची पावती मागितली, मी दिली. २०११ साली दिराने स्वतःचा ट्रक घ्यायचा ठरवलं. मला शाळेतून थेट बँकेत बोलावलं. पायात शाळेतल्याच चपला, हाताला खडू. मॅनेजरच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता आणि जिथे सही करायची तिथे पेन्सिलने बारीक फुल्या मारल्या होत्या. मी चष्मा काढायला पर्स उघडली तर हे म्हणाले, “सय कर गो, मॅनेजर रावला.” (सही कर गं, मॅनेजर थांबलाय.) मी केल्या. बारा की चौदा सह्या. फुल्यांवर. एकाही पानावरचा मजकूर वाचला नाही. चौथीच्या पोरांना मी उतारा वाचल्याशिवाय उत्तर लिहू देत नसे, तीच मी.

पुढचं तुम्हाला वेगळं सांगायला नको, साखळीकरांनी ते आमच्याइतकंच भोगलं आहे. २०१२ च्या सप्टेंबरात राज्यात खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. तोपर्यंत पावसाळ्याचे चार महिने ट्रक उभेच होते. दसऱ्यानंतर गाडी निघेल म्हणून टायर बदलून ठेवलेले, ते तसेच राहिले. हप्ता मात्र थांबत नाही. ह्यांनी एक ट्रक मिळेल त्या किमतीला विकला आणि दुसऱ्याचा हप्ता कसाबसा रेटला. दिराला ते जमलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाकीट आलं. वर्गात सोळाचा पाढा चालला होता. मी पाकीट फोडलं आणि पाढा संपला तरी पोरं उभीच होती, कारण ‘बसा’ म्हणायचं मला सुचलंच नाही. त्या पत्रात दिराचं नाव मूळ कर्जदार म्हणून होतं आणि माझं नाव जामीनदार म्हणून. थकलेली रक्कम दोघांच्या नावाखाली एकच.

इथे तुमच्या ‘सहीने काय फरक पडतो’ या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून जरा थांबते.

गोव्यात लग्न देवळात लागतं, पण होतं ते नोंदणी कार्यालयात, सह्यांनी. त्या आधी वेगळा करार केला नसेल तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे दोघांची मालमत्ता समाईक होते, आणि नंतर बेत बदलला म्हणून ते फिरवता येत नाही. म्हणून घर-जमीन विकायला दुसऱ्याची सही लागते. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण समाईक मालमत्ता ही एक गोष्ट आणि जामीन ही दुसरी. जामीनदाराची गोष्ट भारतीय करार कायद्यात आहे, १८७२ च्या, आणि तो बेळगावात आहे तसाच गोव्यात. त्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. अर्धी नाही, उरलेली नाही, पूर्ण. बँकेने आधी तुमच्या भावाकडे जावं, त्याची गाडी विकावी आणि मग वहिनींचं दार ठोठवावं असा क्रम बँकेवर बंधनकारक नाही. वहिनींनी सही केली की त्यांचा पगार, त्यांची ठेव, घरातला त्यांचा अर्धा वाटा, सगळं त्या टॅक्सीच्या मागे उभं राहतं. शिवाय ते कर्ज त्यांच्या सिबिलच्या अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, दिसतं. उद्या तुम्हालाच घर बांधायला कर्ज लागलं की बँक तो अहवाल उघडणार. वर्षातून एकदा तो अहवाल फुकट मिळतो, दोघांनी आपापला काढून बघा. मी माझा पहिल्यांदा पाहिला तेव्हा दिराच्या ट्रकाचे चुकलेले हप्ते माझ्या नावापुढे ओळीने मांडलेले होते.

दिराचा ट्रक बँकेने ओढून नेला आणि विकला. त्या दिवसांत अख्खा डिचोली आणि सत्तरी ट्रक विकायला निघाला होता, त्यामुळे भाव काय आला असेल ते ओळखा. उरलेले जवळपास सहा लाख मी भरले. महिना अकरा हजार, साडेचार वर्षं, माझ्या पगारातून. मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिचा पुण्याचा प्रवेश त्यात गेला. हा हिशेब मी पहिल्यांदाच उघड लिहिते आहे. कायदा असंही म्हणतो की जामीनदाराने भरलेले पैसे तो मूळ कर्जदाराकडून वसूल करू शकतो. आता सांगा, दिरावर दावा कोण लावणार? कायद्यात वाट आहे, पण ती आमच्या अंगणातून जाते.

तुम्ही लिहिता, अशा सल्ल्यांनी घर मोडतं. आमच्या सासूबाईंचं हेच वाक्य होतं: “आपल्याच मनशाक कागद कित्याक?” (आपल्याच माणसाला कागद कशाला?) मी तेव्हा कागद मागितला नाही, बोलले नाही, सगळ्यांच्या मनासारखं वागले. आणि मग काय झालं ते सांगते. आमच्याकडे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, मूळ घरात, सगळ्या भावांची मिळून एकच. २०१३ च्या चवथीला दीर आणि जाऊ आली, पण माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधताना कोणी तोंड उघडेना. एरवी नारळाचा घड कुठे, तोरिंगण (पपनस) कुठे, यावरून तासभर वाद व्हायचा. त्या वर्षी जे हातात आलं ते बांधलं, आणि दीर आरती संपताच गाडी काढून निघून गेला. पुढची दोन वर्षं तो आलाच नाही. तो चोर नव्हता हो. लाजेने येत नव्हता. माझ्याकडे बघितलं की त्याला अकरा हजार दिसत असणार, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याच्याकडे बघितलं की तेच दिसायचं. जाऊ मला चपात्या लाटताना म्हणाली होती, तुम्ही त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर आम्ही जुना ट्रक घेतला असता, लहान कर्जात. हे मला २०११ साली कोणी सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नाही.

म्हणून वहिनी कागद मागतात त्याला संशय म्हणू नका. त्या तुमच्या भावाला नाही म्हणालेल्या नाहीत, वाचते म्हणाल्या आहेत. एवढ्याशा वाक्याने ज्या घरात आठवडाभर अबोला धरला जातो त्या घरात हप्ता थकला तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा. (हे जरा टोचून लिहिलं आहे. राहू दे.)

पुरुमेंताचं बोलू. तुम्ही म्हणता आता बाराही महिने सगळं मिळतं, मे महिन्यात सोलां, मिरच्या, चिंच आणि खारे बांगडे भरून ठेवायची गरज काय. बाजारात मिळतं हो. पण मी मिरच्यांबद्दल लिहिलं नव्हतं. ट्रकाची कमाई ऑक्टोबर ते मे, हप्ते बारा महिने. आठ महिन्यांत बारा महिन्यांचा हप्ता बाजूला निघाला पाहिजे, हे पुरुमेंतच झालं. तुमच्या भावाच्या टॅक्सीचं गणित याहून फार वेगळं नाही. हंगामात विमानतळावरून भाडी, नाताळात उसंत नाही, आणि जून उजाडला की स्टँडवर पत्ते कुटत बसायचं. बँकेतला माणूस वर्षाची कमाई बाराने भागून हप्ता बसतो का ते बघतो. तुम्ही जुलैची कमाई विचारा. ज्यांची टॅक्सी आधीपासून चालते अशा दोघातिघांना विचारा, आणि ते सांगतील त्यातून विमा, दुरुस्ती, टायर वजा करा. जुलैचा हप्ता कुठल्या पैशातून जाणार याचं उत्तर भावाकडे तयार असेल तर तो धंद्याला तयार आहे. नसेल तर ते उत्तर शेवटी वहिनींचा पगार असतो.

मग भावाला मदत करायचीच नाही का? करा. पण दुसऱ्या रीतीने करता येते का बघा. आपल्याला बुडाले तरी झेपतील एवढे पैसे सुरुवातीच्या रकमेसाठी रोख द्या, दोघांनी बसून ठरवून, आणि परत आले तर देव पावला असं समजा. तेवढ्याने कर्ज लहान होतं, कदाचित जामीनदार बदलतो किंवा लागतच नाही. आणि जामीनच द्यायचा ठरला तर बँकेला विचारा की जामीन ठरावीक रकमेपुरता लिहून घेता येईल का. विचारायला पैसे पडत नाहीत. सही केलेल्या प्रत्येक पानाची प्रत घरी आणा. कर्जदाराच्या आयुष्याचा विमा कर्जाएवढा आहे ना ते बघा. उसगावच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांची काय गत व्हायची ते मी पाहिलेलं आहे. आणि एक गोष्ट वहिनींना नीट कळू द्या: एकदा सही झाल्यावर ‘आता मला जामीन नको’ म्हणून एकतर्फी बाहेर पडता येत नाही. बँक तयार झाली आणि दुसरा कोणी उभा राहिला तरच सुटका.

आमचे हे आता बालरथ चालवतात. शाळेच्या पोरांची बस, पगार ठरलेला, तांबडी माती नाही. दीर फोंड्याला एका दुकानात आहे आणि चवथीला येतो. यंदा तोरिंगणावरून पुन्हा भांडण झालं.

हे उत्तर टाकण्याआधी ह्यांना वाचून दाखवलं. बँकेतला प्रसंग ऐकून काही बोलले नाहीत. मग उठून पाणी प्यायले आणि म्हणाले, सह्या चौदा नव्हत्या, सतरा होत्या, मी मोजत होतो. तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.