8 वाजून 44 मिनिटांनी लोकल बंद पडणार म्हणे

सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आलाय. 19 जानेवारी 2038, मंगळवार, सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंद. त्यानंतर बँका बंद, विमानं जमिनीवर, लोकल जागच्या जागी. (कामाच्या दिवशी पावणेनऊला लोकल जागच्या जागी उभी, यात नवीन काय ते लिहिलेलं नाही.)

वेळ मात्र खरी आहे. युनिक्स ही कॉम्प्युटर चालवणारी जुनी मूळ प्रणाली; त्या पद्धतीची यंत्रणा 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजते. ते 32 बिटांत (0 किंवा 1 ची 32 घरं, त्यातलं एक अधिक-उण्याच्या खुणेला) साठवले तर 214 कोटी 74 लाख 83 हजार 647 वर जागा संपते आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ थेट डिसेंबर 1901 मध्ये जाऊन पडतं.

म्हणून लगेच प्रलय? 2018 च्या मध्यावर ज्यांनी वीस वर्षांचं गृहकर्ज काढलं, त्यांचे शेवटचे हप्ते या तारखेच्या पलीकडे पडतात. बँकेने हप्त्यांचा तो तक्ता तेव्हाच हातात दिलाय. तारखेची गडबड मुहूर्त बघून येत नाही. जिथे पुढचं साल मोजावं लागतं तिथे ती वर्षानुवर्षं आधी टोचायला लागते, आणि कोणीतरी मुकाट्याने दुरुस्त करतं. लिनक्स या युनिक्ससारख्याच प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 32 बिटवाल्या यंत्रांसाठीही हे काम 2020 पर्यंत बहुतेक उरकलं होतं.

1999 मध्ये मी मुंबईत सीप्झमधल्या कंपनीत वायटूकेवरच होतो, म्हणजे साल 2000 लागताच कॉम्प्युटर 00 ला 1900 समजतील, त्या गडबडीवर. परदेशी कंपनीचे कोबोल या जुन्या भाषेतले प्रोग्रॅम, त्यात दोन आकडी साल शोधायचं, 00 ते 49 असेल तर 2000 च्या पुढचं धरायचं, बाकीचं मागच्या शतकात. भयंकर कंटाळवाणं. त्यामुळे ‘ते सगळं थोतांड होतं’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण इटलीची तयारी बरीच मागे होती, तरी तिथेही अंधार पसरला नाही, हेही तितकंच खरं. दुरुस्ती गरजेची होती. प्रलय विकणाऱ्यांचा होता.

खरी दुखापत भलतीकडेच झाली. इंग्लंडमध्ये शेफील्डला कॉम्प्युटरने गर्भवतींचं वय चुकीचं धरलं आणि दीडशेहून जास्त बायकांना डाउन सिंड्रोमच्या चाचणीचे चुकीचे निकाल गेले. जर्मनीत 2010 उजाडलं आणि सुमारे 3 कोटी बँक कार्डांच्या चिपला ते सालच कळेना. न्यूझीलंडमध्ये 29 फेब्रुवारी 2024 ला सेल्फ-सर्व्हिस पेट्रोल पंप कार्ड घेईनात, कारण सॉफ्टवेअरच्या हिशेबात लीप दिवस नव्हता. यातलं एकही आधी कोणी फॉरवर्ड केलं नव्हतं.

आता या भीतीवर आमच्या कमिटीकडे एक कोटेशनही आलंय: ‘2038 प्रूफ’ डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन. आहे तो मीटर रूममध्ये ठेवलाय, जिथे दर पावसाळ्यात पाणी शिरतं. तो 2038 पर्यंत टिकला तर मी स्वतः त्याला हार घालीन. सीसीटीव्हीवाल्याला म्हटलं, नव्या मशीनचं घड्याळ फेब्रुवारी 2038 वर ने, रेकॉर्डिंग होतं का ते इथेच बघू. ‘सर, कंपनीला विचारून सांगतो,’ म्हणाला. अजून विचारतोय.