गाईडमधलं पत्र आगारात चालत नाही

दहावीची पत्रं तपासतेय आणि डोकं तापलंय. विषय साधा होता: शाळा सुटल्यावर एसटी मिळत नाही, आगार व्यवस्थापकांना विनंतीपत्र लिहा. वहीमागून वही, तेच गाईडमधलं वाक्य. 'विद्यार्थ्यांची फार गैरसोय होते, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.' अहो, कोणती बस? किती वाजताची? किती मुलं, कुठल्या थांब्यावर?

एका मुलीने लिहिलं होतं, 'अंधार पडतो म्हणून आई टॉर्च घेऊन फाट्यावर उभी असते.' मग ते खोडून वर 'गैरसोय' लिहिलं. हे खोडायला आपणच शिकवलंय ना?

मसुद्याला गुण असतात, मान्य. दिनांक, प्रति, विषय, पत्ता, ई-मेल जागच्या जागी हवेतच. पण 'बससेवेबाबत' हा काय विषय झाला? 'सायंकाळी 5.10 ची बस 5.40 ला सोडण्याबाबत' असं लिहिलं की मागणी पहिल्याच ओळीत कळते. एका पत्रात एकच मागणी. थांब्याची शेड, वाहकाचं वागणं, रस्त्यातले खड्डे एकत्र कोंबले की कुठल्याच गोष्टीचं काही होत नाही. खड्डे तर एसटीच्या हातातही नाहीत.

पत्र वाचणाऱ्याची अडचण मुलांना आधी ओळखू द्या. नवी फेरी मागितली की गाडी, चालक, वाहक, डिझेल सगळंच आलं. आहे तीच फेरी अर्धा तास पुढे न्या म्हटलं तर निदान विचार होतो. मग 5.10 ला जाणाऱ्या इतर प्रवाशांचं काय? त्यांनाही विचारून यायला सांगा आणि ते काय म्हणाले ते पत्रात येऊ द्या.

शाळा सुटायची वेळ, बसची वेळ, पासधारकांची गावनिहाय संख्या, हे पहिल्या परिच्छेदात. लगेच खाली ते टॉर्चचं वाक्य, तसंच्या तसं. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. शाळा सुटण्याआधीच बस गेली तर तो पास काय कामाचा? हा मुद्दा एकाही वहीत नव्हता.

आणि हे पत्र वहीत ठेवू नका, खरंच पाठवा. सोबत मुख्याध्यापकांचं पत्र आणि सह्यांची यादी जोडा. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच क्रमांक संदर्भात टाकून मुलांकडूनच स्मरणपत्र लिहून घ्या.