डेल्फीचे ‘तीन खांब’ आणि एक फॉरवर्ड

ग्रीसला जायचे बेत शिजताहेत त्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. विषय डेल्फी, म्हणजे प्राचीन ग्रीसमधलं अपोलो देवाचा कौल मिळण्याचं ठिकाण. सारांश असा : ‘डेल्फीत फोटोतले तीन खांब सोडले तर काही नाही. तिथेच पुजारीण विषारी वायूच्या नशेत रोज भविष्य बरळायची, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. तासाभरात उरकतं.’

एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका करायलाही कसब लागतं.

आधी खांब. फोटोतली गोल वास्तू म्हणजे अथीना देवीच्या आवारातली थोलोस. ते खांब १९३८ साली पुन्हा उभे केलेत. भविष्य सांगणारी पिथिया बसायची अपोलोच्या देवळात. ते रस्त्याने दहा-पंधरा मिनिटं चालून वर लागतं आणि तिथे सहा खांब उभे आहेत. मोजून घ्या.

‘रोज’ही खोटं. प्लुटार्क हा लेखक स्वतः डेल्फीचा पुजारी होता. त्याच्या सांगण्यानुसार पूर्वी कौल वर्षातून एकदाच मिळे, नंतर महिन्यातून एकदा. हिवाळ्याचे तीन महिने तर अपोलो तिथे नसतोच, अशी श्रद्धा.

वायूचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. १८९२ मध्ये फ्रेंचांनी उत्खनन सुरू केलं, त्यासाठी वरचं अख्खं गाव हलवलं, पण वाफा सोडणारी भेग काही सापडली नाही. २००१ मध्ये काही संशोधकांनी देवळाखालचे प्रस्तरभंग (जमिनीतल्या खडकांच्या भेगा) दाखवले आणि जवळच्या झऱ्याच्या पाण्यात इथिलिन या गोडसर वासाच्या वायूचा अंश असल्याचं मांडलं. नशा चढण्याइतका इथिलिन तिथे तयारच होणार नाही, असा आक्षेप इतरांनी घेतला. गाभाऱ्यात अधूनमधून सुगंध दरवळे, असं प्लुटार्क लिहितो खरा. पण याला ‘सिद्ध झालंय’ म्हणत नाहीत, वाद चालू आहे म्हणतात.

राहिला तो एक तास. डेल्फी हा पार्नासस डोंगराचा उतार आहे, आणि चढल्याशिवाय तो कळत नाही. मागे फेड्रिआडीसचे उभे कडे, खाली इतेआच्या आखातापर्यंत ऑलिव्हची झाडंच झाडं. देवळाखालच्या भिंतीपाशी तरी थांबा. वेड्यावाकड्या दगडांच्या वळणदार कडा चुन्याशिवाय एकमेकींत बसवल्यात. जवळ वाकलात तर दगडावर बारीक अक्षरांच्या ओळी दिसतील : अमुक मालकाने अमुक गुलाम अमुक किमतीला अपोलोला ‘विकला’. देवाला विकला, म्हणजे माणूस मोकळा. असे शेकडो लेख त्या एका भिंतीवर आहेत. देवळाच्या वर थिएटर, त्याच्याही वर स्टेडियम. संग्रहालयातल्या सारथ्याच्या ब्राँझच्या पुतळ्याच्या पापण्यांचे केससुद्धा शाबूत आहेत.

अथेन्सपासून अंतर सुमारे १८० किलोमीटर. शक्य असेल तर आदल्या रात्री डेल्फी गावातच मुक्काम करा आणि सकाळी फाटक उघडताच आत शिरा. टूरच्या बसगाड्या पोचायच्या आत स्टेडियमपर्यंत चढून झालेलं बरं, नंतर उन्हात दम निघतो.