‘एनआयसी बंद करा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

कुठलीही सरकारी साइट दोन तास पडली की एक मेसेज परत फिरायला लागतो, तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. शब्द थोडे इकडे तिकडे होतात पण मुद्दे ठरलेले. सरकारी साइट एनआयसीवाले (केंद्र सरकारचीच आयटी संस्था, नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर) बनवतात म्हणून त्या भंगार असतात. वर नियमच असा की सगळ्यात कमी रेट भरणाऱ्यालाच काम द्यायचं. खाजगी बँकांची ॲप बघा कशी झकास चालतात. तेव्हा एनआयसी बंद करा, टेंडरची नाटकं बंद करा, नालायक कंपन्यांना ब्लॅकलिस्ट करा आणि एखाद्या मोठ्या आयटी कंपनीला दहा वर्षांसाठी सगळं देऊन टाका. खाली हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला नाही पटलं. मी काही वर्षं व्हेंडरच्या बाजूने सरकारी टेंडरं भरलीत, त्यामुळे लोकांचा वैताग किती खरा आहे ते माहितीये, पण रोग एक आणि औषध भलतंच असं चाललंय हे.

पहिला मुद्दा, एनआयसी. गेल्या काही वर्षांत ज्या साइटवरून सगळ्यात जास्त बोंब झाली ती आठवा. इन्कम टॅक्सचं नवं पोर्टल, ७ जून २०२१ ला सुरू झालं, पहिल्या दिवसापासून रडत होतं, २१-२२ ऑगस्टला तर सरळ बंदच पडलं आणि २३ तारखेला अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या सीईओंना बोलावून १५ सप्टेंबरची मुदत दिली. कंपनी कोणती? इन्फोसिस. फॉरवर्डवाल्यांच्या व्याख्येप्रमाणे यापेक्षा मोठी आणि खाजगी काय असणार. (जाता जाता, ‘४,२४२ कोटी इन्फोसिसच्या घशात’ हेही तेव्हा फिरत होतं, तर तो आकडा साडेआठ वर्षांच्या पूर्ण प्रोजेक्टचा, त्यात जीएसटी, भाडं, पोस्टेज सगळं धरलेलं, जून २०२१ पर्यंत कंपनीला दिलेले होते १६४.५ कोटी.) दुसरं उदाहरण केंद्राच्या कंपनी खात्याचं एमसीए-२१, म्हणजे कंपन्या आपले फॉर्म भरतात ते पोर्टल, कुठल्याही कंपनी सेक्रेटरीला किंवा सीएला विचारा. आधी टीसीएस, मग इन्फोसिस, मग एलटीआय माइंडट्री, तीन कंपन्या झाल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपन्यांचे फॉर्म नव्या व्हर्जनवर गेले तेव्हाही मुदतवाढ द्यायलाच लागली.

आणि ज्या महाटेंडर्सच्या साइटवर राज्याची टेंडरं भरतात ना, ती एनआयसीच्याच सॉफ्टवेअरवर चालते. डीएससी टोकन (डिजिटल सहीचा पेन ड्राइव्ह) आणि कॉम्प्युटरवरच्या जावा सॉफ्टवेअरच्या भांडणात मी तिला भरपूर शिव्या घातल्यात, सुंदर तर ती अजिबात नाहीये, पण रोज टेंडरं निघतात आणि उघडतात. सातबाऱ्याचं ई-फेरफार पण एनआयसी पुण्याचं. म्हणजे एनआयसी महान आहे असं मी म्हणत नाही हां, तिथे माणसं कमी, बरीचशी कामं कंत्राटी मुलांकडून करून घेतात, तो मुलगा वर्षभरात बाहेर दुप्पट पगारावर गेला की कोड कोणाला कळत नाही. पण हा प्रॉब्लेम एनआयसी बंद करून कसा सुटणार? तिथे पक्की माणसं भरायला पाहिजेत, म्हणजे फॉरवर्डच्या बरोब्बर उलटं.

दुसरा मुद्दा, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाल्याला काम. यात तथ्य आहे, पण अर्धंच. मोठ्या आयटी टेंडरांमध्ये टेक्निकलला ७० आणि रेटला ३० मार्क ही पद्धत बऱ्याच आधीपासून आहे, आणि २९ ऑक्टोबर २०२१ ला केंद्राच्या खर्च विभागाने बांधकामं आणि इतर सेवांसाठीही गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के वजन द्यायची मुभा दिली. म्हणजे ‘नियमच असा आहे’ हे धड खरं नाही. खरी गंमत पुढे आहे. टेक्निकलचे मार्क कशावर मिळतात ते आरएफपी, म्हणजे टेंडरचा मुख्य कागद, उघडून बघा. गेल्या तीन वर्षांचा टर्नओव्हर, पेरोलवर किती माणसं, सीएमएमआय लेव्हल पाच (कामाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट) आहे का, अशाच साइझची आधीची किती कामं केली, टीमचे सीव्ही आणि एक प्रेझेंटेशन. यातलं एक तरी ‘तुम्ही बनवलेलं सॉफ्टवेअर चालतं का’ हे विचारतं का? नाही. कंपनी किती मोठी ते विचारतं. आणि ते झकास सीव्ही ज्यांचे लावतात ती माणसं वर्क ऑर्डर आल्यावर दुसऱ्याच प्रोजेक्टवर असतात, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. त्यामुळे रेटचं वजन शून्य केलं तरी निवडून तेच येणार, फक्त महाग पडतील.

तिसरा मुद्दा बँकांचा. इथे मला हसूच आलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या खाजगी बँकेला, एचडीएफसीला, ॲप आणि नेटबँकिंग वारंवार पडतं म्हणून रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये नवी डिजिटल प्रॉडक्ट काढायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली होती, ती पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडलं. एप्रिल २०२४ मध्ये कोटकवर तशीच वेळ आली. म्हणजे पडतात सगळ्यांचीच. फरक इतकाच की बँकेच्या डोक्यावर कोणीतरी बसलंय आणि बँकेत आयटीचा एक माणूस आहे ज्याची नोकरी त्या ॲपवर टांगलेली आहे. सरकारी खात्यात तो माणूस कोण ते सांगा. सचिव दोन वर्षांत बदलतात. खात्यातर्फे बोलायला पीएमयू, म्हणजे प्रोजेक्टवर देखरेख करणारं युनिट, म्हणून बाहेरचे कन्सल्टंट बसवलेले असतात, म्हणजे विकणारा पण बाहेरचा आणि घेणाऱ्याचं डोकं पण बाहेरून भाड्याने आणलेलं.

याचा परिणाम कुठे दिसतो तर यूएटीला, म्हणजे गो-लाइव्हच्या आधी खात्याच्या लोकांनी सिस्टिम वापरून बघायची असते तेव्हा. एका खात्यातलं सांगतो, नाव नको. मार्चचा शेवटचा आठवडा, सभागृहात प्रोजेक्टर, आमच्या कंपनीतला मुलगा स्क्रीन दाखवतोय, पुढच्या रांगेत साहेब लोक मोबाइलमध्ये. मागून एक क्लार्क उठल्या, वीसेक वर्षं तेच टेबल सांभाळलेल्या, म्हणाल्या, अहो अर्जदार वारला आणि दोन वारस आले तर दुसऱ्याचं नाव कुठे टाकायचं? फॉर्मवर वारसाचा एकच रकाना. सगळ्या हॉलमध्ये कामाचा प्रश्न तेवढा एक होता. आमचा मॅनेजर म्हणाला, मॅडम ते सीआर मध्ये घेऊ. सीआर म्हणजे चेंज रिक्वेस्ट, म्हणजे वेगळं बिल. साहेबांना ३१ मार्चच्या आत फंड खर्ची टाकायचा होता, जेवायच्या आत सही झाली. पुढे तो दुसरा रकाना यायला कित्येक महिने गेले, तोवर दुसऱ्या वारसाची नोंद त्या बाई वहीत ठेवत होत्या. आता सांगा, इथे एनआयसी कुठे आहे? एल-वन कुठे आहे? कंपनी मोठी होती आणि रेटही चांगला मिळाला होता. त्या बाईंना आरएफपी लिहिताना कोणी बोलावलं नाही, एवढंच झालं होतं.

चौथा मुद्दा, सगळं एकदम एकाला देऊन टाका. मुंबई विद्यापीठ, २०१७. सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून स्क्रीनवर तपासायच्या असं ठरलं, त्याच उन्हाळ्यात, एका दमात, बाहेरच्या खाजगी कंपनीकडून. सतरा लाखांच्या वर उत्तरपत्रिका. प्राध्यापकांना लॉगिन मिळेना, उत्तरपत्रिका सापडेनात, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत गेली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडत राहिले आणि पोरांचे पुढचे प्रवेश लटकले ते वेगळंच. २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून काढलं. एखाद्या छोट्या शाखेवर एक सेमिस्टर चालवून बघितलं असतं तर यातलं निम्मं आधीच कळलं असतं. अमेरिकेतही हेच, १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याची केंद्र सरकारची साइट उघडली, काम खाजगी कंत्राटदारांचं, पहिल्या दिवशी विमा निघाला सहा जणांचा. पुढच्या वर्षी सरकारने स्वतःचे इंजिनिअर असलेलं डिजिटल सर्व्हिस नावाचं ऑफिस थाटलं.

याचा अर्थ खाजगीला देऊच नका असा घेऊ नका. पासपोर्ट बघा की. टीसीएसकडे २००८ पासून आहे आणि तक्रारी असल्या तरी पूर्वीच्या रांगा ज्याने बघितल्यात तो नाव ठेवणार नाही. पण तिथे काय वेगळं होतं? फोटो काढणं आणि कागद स्कॅन करणं कंपनीचं, पहिल्या काउंटरवर, पुढच्या दोन काउंटरना बसतात सरकारी माणसं आणि पासपोर्ट द्यायचा की नाही ते तेच ठरवतात. कंपनीला पैसे होतात अर्जामागे, साइट बंद तर तिचंच मीटर बंद. आधारनेही हुशारी केली, एकच माणूस दोनदा नाव नोंदवतोय का हे तपासायचं काम तीन कंपन्यांत वाटलं आणि जिचं काम बरं तिला जास्त वाटा.

राहिलं टेंडर बंद करा आणि नालायक कंपनीला ब्लॅकलिस्ट करा. टेंडर बंद केलं तर कोणाला काम मिळेल हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायची गरज नसावी. आणि ब्लॅकलिस्ट जरूर करा, फक्त त्याआधी विचारा की सोर्स कोड कोणाकडे आहे, डेटाबेसचा पासवर्ड कोणाकडे आहे, उद्या कंपनी उठून गेली तर परवा सिस्टिम चालवणार कोण. हे सगळं आरएफपीत ‘एक्झिट मॅनेजमेंट’ नावाच्या भागात शेवटी कुठेतरी लिहिलेलं असतं, आणि तो भाग बहुतेक ठिकाणी जुन्या टेंडरमधून उचलून चिकटवलेला असतो. एकात तर दुसऱ्याच राज्यातल्या खात्याचं नाव तसंच राहिलं होतं, आणि प्री-बिडला, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या बैठकीला, आलेल्या एकाही कंपनीने, आम्ही धरून, ती चूक दाखवली नाही.