विषाणूंना फक्त रोगांच्या धड्यात कोंबू नका

विषाणू म्हटलं की ताप, मास्क आणि दवाखाना एवढंच आठवतं. कोविडनंतर तर ते साहजिकच आहे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना विषाणूंचे उपकार सांगायला जीभ रेटत नाही. तरीही लिहितोय, कारण शाळेतून बाहेर पडताना मुलांच्या हाती याची अर्धीच बाजू लागते आणि ते मला फार खटकतं.

वारेचंच (प्लॅसेंटाचंच) बघा. आईच्या पोटात वार तयार होताना तिच्या बाहेरच्या पेशी एकमेकींत विरघळून एकसंध थर बनतो. बाळाचं अन्न, प्राणवायू, सगळं या थरातून जातं. पेशींना असं सांधणारं प्रथिन म्हणजे सिन्सिटिन, आणि त्याचं जनुक आलंय विषाणूकडून! कोट्यवधी वर्षांपूर्वी एक रेट्रोव्हायरस, म्हणजे आपली जनुकं पेशीच्या डीएनएत घुसवणारा विषाणू, आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरला आणि तिथलाच झाला. पेशीत घुसायची त्याची किल्ली आज वार घडवते. मानवी जीनोमचा, म्हणजे आपल्या एकूण डीएनएचा, सुमारे 8 टक्के भाग अशा जुन्या रेट्रोव्हायरसांचाच आहे.

समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण एक कोटी विषाणू असतात. ते रोज असंख्य सूक्ष्मजीव फोडतात, आणि त्यातून सुटलेल्या नत्र-लोहावर बाकीचे जगतात.

पण माझा खरा जीव अडकलाय तो फेजमध्ये, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या विषाणूंमध्ये. फेज जिवाणूवर पाय रोवून बसतो, आत स्वतःचा डीएनए सोडतो, आणि बरेचदा तासाभराच्या आत जिवाणू फुटून नवे फेज बाहेर पडतात. आपल्या पेशींना धक्काही लागत नाही. फेलिक्स द'एरेल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी 1917 मध्ये यांचं वर्णन केलं. जॉर्जिया देशात तिबिलिसीच्या संस्थेत 1923 पासून यावर काम चालू आहे. इतरत्र अँटिबायोटिक्स आली आणि फेज मागे पडले. 2016 मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत टॉम पॅटरसन हे प्राध्यापक कुठल्याच अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जिवाणूमुळे कोमात गेले होते. शिरेतून फेज दिल्यावर ते शुद्धीवर आले.

अँटिबायोटिक्स एकेक करून निकामी होत असताना हा पर्याय अजून अपवादापुरताच वापरला जातो, हे मला पटत नाही. अडचणी आहेतच. फेज फार चोखंदळ असतो, एकाला लागू पडलेला दुसऱ्याला पडेलच असं नाही, आणि जिवाणू त्यालाही चकवायला शिकतात. म्हणूनच ठिकठिकाणी फेजचे साठे हवेत, रुग्णाच्या जिवाणूवर चटकन चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा हव्यात, आणि त्यासाठी सरकारी पैसा हवा.