बाप रंगांधळा म्हणून मुलगाही? एक्स गुणसूत्र तसं चालत नाही

एक मेसेज बराच फिरतो आहे. त्यात म्हटलंय की रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) बापाकडून मुलाला येतात, मुली नुसत्या वाहक (सदोष जनुक बाळगून पुढे देणाऱ्या) असल्यामुळे त्यांना त्रास होत नाही, असे आजार एक पिढी सोडूनच येतात आणि टक्कल पडणार का हे आईच्या वडिलांकडे बघून कळतं. शेवटच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. पहिला मात्र साफ उलटा आहे.

लाल-हिरव्या रंगांधळेपणाची आणि हिमोफिलियाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. स्त्रीकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बाप मुलाला वाय देतो. मुलाचा एक्स आईकडून येतो. बापलेक दोघेही रंगांधळे असले, तरी मुलातलं ते जनुक आईकडचंच. मुलीला मात्र बापाचा एकुलता एक एक्स मिळतोच, त्यामुळे हिमोफिलिया असलेल्या पुरुषाची प्रत्येक मुलगी जनुकातला तो बदल घेऊनच जन्मते. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा लिओपोल्ड याला हिमोफिलिया होता. त्याचा मुलगा चार्ल्स एडवर्ड त्यातून सुटला, मुलगी अ‍ॅलिस वाहक निघाली आणि तिचा मुलगा रुपर्ट हिमोफिलिया घेऊन जन्मला. मोटार अपघातानंतर १९२८ मध्ये तो वारला.

मुलींना काही होत नाही, हा यातला सगळ्यात घातक दावा. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स जवळजवळ पूर्ण बंद असतो, आणि कोणता बंद होणार हे बहुधा योगायोगावर ठरतं. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. निरोगी एक्स जास्त पेशींत बंद पडला, तर वाहक स्त्रीच्या रक्तातला गोठण घटकही (रक्त गोठवणारं प्रथिन) बराच कमी असू शकतो. मग पाळीत अतिरक्तस्राव होतो, प्रसूतीनंतर रक्त थांबत नाही, आणि ‘तू तर फक्त वाहक’ म्हणून तपासणी राहून जाते. रंगांधळ्या स्त्रियाही असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

पिढी सोडण्याचा नियम वगैरे काही नाही. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला धोका निम्मा, आणि तो दर गरोदरपणात नव्याने. शिवाय हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच तो नसतो. बदल नव्यानेच झालेला असतो.

राहता राहिलं टक्कल. पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीचं (रिसेप्टरचं) जनुक एक्सवर आहे आणि टकलाशी त्याचा संबंध पक्का आहे, म्हणून आजोबांचं नाव येतं. पण २०१७ मध्ये सुमारे ५२ हजार पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी निगडित अडीचशेहून जास्त जनुकीय जागा सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक एक्सवर नव्हत्या. त्या आईबरोबर बापाकडूनही येतात. आजोबांचं ते एक जनुक तरी नातवाला मिळेलच असं कुठे आहे? आईकडे आजीचाही एक्स असतो, त्यामुळे शक्यता निम्मीच.