शाळा बघायला जाल तेव्हा मधल्या मुलाची वही मागा

खाजगी शाळा निवडताना पालक जे बघतात, ते बहुतेक सगळं शाळेनं बघण्यासाठीच मांडलेलं असतं. चकचकीत प्रवेशद्वार, संगणक कक्ष, कपाटभर ट्रॉफ्या, पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. यातलं काही खोटं असतं असं नाही. पण आपलं मूल रोज पाच-सहा तास ज्या वर्गात बसणार, तिथे काय चालतं हे यातून कळत नाही. ते कळायला माझ्या मते एका वस्तूइतकं भरवशाचं दुसरं काही नाही, आणि ती बघायला पैसे पडत नाहीत. वर्गातल्या मधल्या मुलाची वही.

मधल्या म्हणजे दाखवायला म्हणून जपून ठेवलेली नको आणि फार मागे पडलेल्या मुलाचीही नको. वर्ष सुरू होऊन चारेक महिने झाले की शाळेत जा. मूल ज्या इयत्तेत जाणार, त्याच्या एक-दोन इयत्ता पुढच्या वर्गातल्या भाषेच्या आणि गणिताच्या तीन-तीन वह्या मागा. नावं झाकून दिल्या तरी चालेल, खरं तर झाकूनच द्यायला हव्यात.

आता वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. तिन्हींत निबंध आणि उत्तरं स्वल्पविरामासकट सारखी असतील, तर मुलं फळ्यावरचं उतरवून घेतायत, स्वतःचं वाक्य कोणी लिहीत नाही. मग चुका बघा. पानाखाली लाल खूण आणि सही आहे, पण वर शुद्धलेखनाची चूक जशीच्या तशी, म्हणजे वही उघडली गेली, वाचली गेली नाही. बाराव्या पानावरची चूक चाळिसाव्या पानावरही भेटली तर मधल्या काळात त्या मुलाला कोणी काही सांगितलेलं नाही.

गणिताची वही जास्त बोलकी असते. वजाबाकीत दशक सुटा केला पण दशकाच्या घरातला अंक कमी करायचा राहिला, ही एक चूक. दशक सुटा करायचा असतो हेच उमगलेलं नाही, ही वेगळी. पहिल्या चुकीला आठवण पुरते, दुसऱ्या चुकीला पुन्हा शिकवावं लागतं. दोन्हींच्या उत्तरावर नुसती फुली मारून सोडली असेल तर मुलाला काय सुधारायचं तेच कळणार नाही. गाडी ज्या पायरीवर घसरली तिथे खूण आहे आणि खाली मुलानं तेच गणित पुन्हा सोडवलंय, असं दिसलं तर त्या वर्गात शिकवणं चालतं.

शेवटी तारखा. दोन तारखांमध्ये तीन आठवड्यांचं भगदाड दिसलं तर का ते विचारा. शिक्षक सोडून गेले असतील, नाहीतर अख्खा वर्ग संमेलनाच्या तालमीत असेल.

वह्या नीट तपासल्या जात नाहीत याचं खापर लगेच बाईंवर फोडू नका. साधा हिशोब करा. ४० मुलांची तुकडी, एका वहीला २ मिनिटं, म्हणजे एकदा तपासायला ८० मिनिटं. त्याच बाईंकडे अशा ५ तुकड्या असतील तर ४०० मिनिटं, जवळजवळ पावणेसात तास. रोज ४० मिनिटांचा एक मोकळा तास मिळाला तरी पाच दिवसांत होतात २००, आणि कोणी रजेवर गेलं की तेही बदली तासात जातात. म्हणून मुख्याध्यापकांना विचारण्यासारखा पहिला प्रश्न हा: एका शिक्षकाकडे किती तुकड्या आणि आठवड्याला किती मोकळे तास?

इथेच एक हातचलाखी होते. माहितीपत्रकात ‘१५ मुलांमागे १ शिक्षक’ असं छापलेलं असतं. त्या आकड्यात मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक, ग्रंथपाल, समुपदेशक सगळे धरलेले असू शकतात. वर्गात मुलं मात्र ३८. तुम्ही तुकडीच्या हजेरीपटावर किती नावं आहेत ते विचारा.

वर्ग लहान असल्यानं फरक पडतो का? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ मध्ये ‘स्टार’ नावाचा प्रयोग झाला. बालवाडी ते तिसरीची मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी १३ ते १७ जणांच्या आणि २२ ते २५ जणांच्या वर्गांत वाटली होती. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. पण तिथे फरक सात-आठ मुलांचा होता. ३६ की ३८ यावर शाळा ठरवण्यात अर्थ नाही, आणि जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर खालच्या इयत्तांतल्या लहान तुकडीसाठी मोजा.

शिक्षक टिकतात का, हा यापुढचा प्रश्न. ‘आमचा स्टाफ अनुभवी आहे’ हे उत्तर धरू नका. प्राथमिक विभागातल्या शिक्षकांपैकी तीन वर्षांपूर्वी किती जण इथेच होते, असं विचारा. २० पैकी ६ जण दरवर्षी सोडत असतील तर कुठेतरी पाणी मुरतंय. पगार, कामाचा बोजा किंवा वरची माणसं. वर्षाच्या मध्यात शिक्षक गेला की नव्या माणसाला मुलं ओळखायलाच दीड-दोन महिने जातात, आणि त्या काळात सगळ्यात जास्त नुकसान गप्प बसणाऱ्या मुलाचं होतं.

वर्ग चालू असताना दहा मिनिटं मागे बसू देतात का, तेही विचारा. खुल्या दिवसाला नको, साध्या मंगळवार-बुधवारी. बसू दिलं तर घड्याळ बघा. बाई प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी किती थांबतात? मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात; तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात आणि जास्त मुलं बोलू लागतात. दहा मिनिटांत तेच तीन हात वर जात असतील तर उरलेला वर्ग प्रेक्षक झालाय. आणि मुलांनी स्वतःहून एखादा तरी प्रश्न विचारला का? शांत वर्ग बघून पालक खूश होतात, मला तो जरा संशयास्पदच वाटतो.

आता पाट्यांविषयी. ‘मॉन्टेसरी’ हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, कुठलीही बालवाडी ते लावू शकते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये लहान मुलांसाठी आपली पहिली शाळा सुरू केली. त्या पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात असतात आणि सलग तीनेक तास आपल्या निवडीचं काम करतात. एका वयाची मुलं रांगेत बसलीत आणि दर अर्ध्या तासानं घंटा होतेय, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ‘इंटरनॅशनल’ शब्दाचंही तेच, तो नावात घालायला काही लागत नाही. १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या आयबीचं, म्हणजे ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ या शिक्षणसंस्थेच्या अभ्यासक्रमाचं, तसं नाही, तिथे शाळेला रीतसर मान्यता घ्यावी लागते. मात्र ‘उमेदवार शाळा’ म्हणजे मान्यताप्राप्त शाळा नव्हे, आणि प्राथमिक टप्प्याची मान्यता असली की वरच्या टप्प्याची असतेच असं नाही. संस्थेच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव घालून पाच मिनिटांत खात्री होते. इतर कुठल्याही बोर्डाच्या मान्यतेची कागदपत्रंही अशीच मागून बघावीत.

निकालाच्या फलकाकडे बघताना एकच विचारा. शेवटच्या परीक्षेला बसलेली मुलं किती, आणि दोन वर्षं आधी त्या वर्गात किती होती? ९० ची ७२ झाली असतील तर १८ जण कुठे गेले? कच्च्या मुलांना परीक्षेआधी वाट दाखवून शंभर टक्के निकाल लावता येतो. चार वर्षांच्या लेकराची प्रवेश परीक्षा घेणारी शाळा मला मुळीच पटत नाही. शिकवायला सोपी मुलं निवडून नंतर आपणच शिकवलं म्हणून मिरवणं आहे ते.

पैशांचा हिशोब बहुतेक जण पहिल्या वर्षापुरता करतात. पहिल्या वर्षाची फी १०० धरा आणि दरवर्षी १० टक्के वाढ. बाराव्या वर्षी ती २८५ होते. बारा वर्षांची बेरीज १२०० नाही, २१३८ होते. यात बस, गणवेश, पुस्तकं, सहली, परीक्षा शुल्क धरलेलंच नाही. म्हणून गेल्या पाच वर्षांचा फीचा तक्ता मागा, डिपॉझिट कधी आणि किती परत मिळतं ते लेखी घ्या, मध्येच शाळा सोडायची झाली तर किती आधी कळवावं लागतं तेही. ज्या फीपायी घरात दर महिन्याला तणतण होणार, ती शाळा कितीही चांगली असली तरी त्या मुलासाठी चांगली नाही.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा. जायला ४५ मिनिटं, यायला ४५, वर्षाचे २०० दिवस: ३०० तास. सहा तासांच्या शाळेचे ५० दिवस मूल नुसतं बसमध्ये बसणार. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. बस सव्वासहाला येणार म्हणजे साडेपाचला उठणं, म्हणजे कमीत कमी नऊ तासांसाठी साडेआठला झोप लागलेली हवी. घरातली मोठी माणसं किती वाजता जेवतात ते आठवून बघा. आणि रस्त्याची चाचणी रविवारी दुपारी करू नका, शाळेच्या वेळेलाच करा.

घरच्या भाषेत शिकायची सोय असेल तर ती आधी तपासावी. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच सांगितलंय की सुरुवातीच्या शिक्षणासाठी मातृभाषा सगळ्यात योग्य. दुसरी भाषा निवडलीत तर शाळेला विचारा, दुसरी इयत्ता संपताना वाचता न येणाऱ्या मुलासाठी तुम्ही नेमकं काय करता? कोण, आठवड्यातून किती वेळा, वेगळे पैसे घेऊन की फीमध्येच? ‘आम्ही वैयक्तिक लक्ष देतो’ हे उत्तर नव्हे. मुलाला शिकण्यात काही विशेष अडचण असेल तर याच प्रश्नांची उत्तरं प्रवेशाआधी लेखी घ्या, प्रवेशानंतर सूर बदलतो.

दादागिरीबद्दल विचाराल तर ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणणाऱ्या शाळेपासून जपून राहा. मुलं आहेत तिथे ते होतंच. मागच्या वेळी झालं तेव्हा पहिल्या दिवशी काय केलं, दोन्ही घरी कोणी फोन केला, महिन्यानंतर कोणी चौकशी केली, हे सांगता येणारी शाळा बरी.

स्वच्छतागृह शाळा सुटायच्या वेळी बघा, सकाळी नको. पाणी येतं का, साबण आहे का, कडी लागते का? ही क्षुल्लक बाब नाही. घाणीमुळे कित्येक मुलं, मुली तर विशेषकरून, दिवसभर पाणीच पीत नाहीत. जाता जाता आपत्कालीन दाराला कुलूप आहे का तेही बघा. मूल कोणाच्या हवाली करायचं याचा नियम फाटकावरच्या माणसाला तोंडपाठ आहे का, तेही विचारून पाहा.

माहिती काढायची तर पहिलीच्या पालकांकडे जाऊ नका, त्यांचं अजून कौतुक चालू असतं. तिसरी-चौथीच्या पालकांना गाठा, आणि शाळा सोडून गेलेलं एखादं कुटुंब मिळालं तर त्यांना नक्की. त्यांचा राग थोडा वजा करून ऐका.

मुलाला एक दिवस वर्गात बसू देणार असतील तर संध्याकाळी ‘आवडली का शाळा?’ विचारू नका. झोपाळा होता म्हणूनही ती आवडलेली असते. बाई मुलांना नावानं हाक मारत होत्या की ‘ए’ म्हणत होत्या, कोणाचं उत्तर चुकलं तेव्हा बाकीची हसली का आणि हसली तर बाई काय म्हणाल्या, डबा खाताना शेजारी कोण बसलं होतं, असं एकेक विचारा.